आपले २०२४ चे चित्रपट पुरस्कार: नामांकनं, गट आणि पात्रतेची भांडणं

बाल्कनी_सी१२ (११ जानेवारी, सकाळी ९:४०)
मंडळी, राम राम. यंदाही ही उस्तवार माझ्याच गळ्यात आहे. गेल्या वर्षी "पुढच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी करा" असं लिहिलं होतं, त्याला धडाधड अनुमोदनं मिळाली आणि पुढे मात्र कुणी आलं नाही. असो.

नव्यांसाठी: हे आपले मराठी चित्रपटांचे घरगुती पुरस्कार. ट्रॉफी नाही, रेड कार्पेट नाही, जिंकणाऱ्याला कळतही नाही. तरीही दरवर्षी दोन जण रुसून आयडी बदलतात.

नामांकनं मागवण्याआधी दोन गाठी सोडवायच्यात. पहिली, 'पाणी' यंदाचा धरायचा की नाही? १८ ऑक्टोबर २०२४ ला तो थिएटरात आला, पण पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला २०१८ सालासाठीच मिळालाय, घोषणा २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. दुसरी गाठ 'नाच गं घुमा'. मुक्ता बर्वे मुख्य अभिनेत्रीत, यावर वाद नसावा. पण नम्रता संभेराव? मुख्य की सहायक? माझं मत सहायक. आता घ्या मला फैलावर.

रिळवाला (९:५८)
'पाणी' यंदाचाच. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवर चालतात: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रमाणपत्र मिळालेलं असलं की झालं, चित्रपट लागला की नाही हे ते विचारत नाहीत. म्हणून तर 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला, पण रिंकू राजगुरूला २०१५ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख त्याच्या महिनाभर आधीच जाहीर झाला होता. 'वाळवी'ही तशीच, पुरस्कार २०२२ सालचा आणि थिएटरात १३ जानेवारी २०२३. गेल्या वर्षी आपण तिला २०२३ मध्ये धरलं तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

आपण काही ज्युरी नाही, आपण तिकीट काढणारे. तिकीट ज्या वर्षी, वर्ष ते.

मध्यंतरातला_वडा (१०:०३)
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शतक मारणार.

जास्वंद (१०:२१)
रिळवाला, 'वाळवी'त फरक काही महिन्यांचा होता, इथे सहा वर्षांचा आहे. २०१८ साली केलेलं काम २०२४ च्या कामाशी लढवायचं म्हणजे मुरलेल्या लोणच्याची ताज्या कैरीशी स्पर्धा लावण्यासारखं झालं.

रिळवाला (१०:३४)
लोणचं मुरलं तर दोष बरणीचा नव्हे हो! आणि याहून मोठा दाखला देतो. चॅप्लिनचा 'लाइमलाइट' १९५२ चा. पण लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा रीतसर लागलाच नव्हता, तो १९७२ मध्ये लागला. मग त्याच्या संगीताला १९७३ च्या समारंभात ऑस्कर मिळालं. वीस वर्षांनी! तिकडे वीस चालतात, आपल्याला सहा चालू नयेत?

जास्वंद (१०:४१)
बरं, हरले. पण लोणच्याची उपमा चांगली होती हे मान्य करा.

ठाण्याची_ठमी (११:१५)
+१ 'पाणी'ला. पण माझं खरं भांडण दुसऱ्या गाठीशी आहे. सी१२, नम्रता सहायक कशी? मुक्ताची राणी तिच्या कामवालीला, नम्रताच्या आशाताईला, कामावरून काढते, मग आशाताईवाचून राणीचं पानही हलत नाही, आणि पुढचा सगळा सिनेमा आशाताईला परत आणण्याच्या खटपटीत जातो. आशाताई काढून टाका, काय उरतं? एक बाई, एक नवरा आणि धुवायची भांडी.

बाल्कनी_सी१२ (११:३०)
पण गोष्ट राणीच्या बाजूने सांगितलीय ना? आपण तिच्या घरात उभं राहून बघतो. आशाताईच्या घरी जातो तेव्हा पाहुण्यासारखे जातो.

ठाण्याची_ठमी (११:५२)
कडू लागेल, पण लिहिते. कामवाली म्हटली की आपल्या तोंडात आपोआप 'सहायक' येतं. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये 'मदतनीस' लिहितो तसं. हीच भूमिका सासूची किंवा जावेची असती तर 'दोघी मुख्य' म्हणून मोकळे झालो असतो. पडद्यावरच्या वेळेचं म्हणाल तर नम्रताला मिळालेली जागा कुठल्याही अर्थाने तोंडी लावण्यापुरती नाही.

बे_एरियातला_बंड्या (१२:१०)
वेळ मोजून काही होत नाही. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये अँथनी हॉपकिन्स जेमतेम पंधरा-सोळा मिनिटं दिसतो आणि मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर घेऊन जातो. उलट बाजूला 'पेपर मून'मधली टॅटम ओनील. पोरगी सिनेमाभर आहे, पण दहा वर्षांची म्हणून सहायकमध्ये घातली आणि ती जिंकली. गट ठरतो तो कुणाला कुठे जिंकायची शक्यता जास्त यावर. तिकडे याला सरळ गटचोरी म्हणतात.

सदाशिवपेठी (१२:१८)
'गटचोरी' शब्द आवडला. आमच्याकडे गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत चौदा वर्षांचा मुलगा 'दहा वर्षांखालील' गटात उतरायचा, मिशा फुटलेल्या असायच्या.

मध्यंतरातला_वडा (१२:२०)
काका, तो मुलगा कोण होता ते आम्हाला कळलं.

सदाशिवपेठी (१२:२६)
पहिला नंबर आला होता. पुढे बोला.

आजी_ऑनलाइन (दुपारी २:०५)
जेवणं झाली, आता वाचलं सगळं. तुम्ही मुख्य-सहायक करताय, पण त्या गाण्यातली घुमा कोण ते आधी सांगा. मंगळागौरीला आम्ही खेळायचो. एक म्हणते नाच, दुसरी म्हणते कशी नाचू, अजून सोनार आला नाही, माळी आला नाही, अमकं नाही, तमकं नाही. घुमा म्हणजे सबबी सांगणारी. मला तरी सिनेमात सबबी दोघी सांगतात असं दिसलं. एक उशिरा आल्याच्या, दुसरी आपल्या चिडण्याच्या. म्हणून घुमा दोघी, मुख्यही दोघी. सुकन्या आणि सुप्रिया पाठारे यांना सहायकमध्ये टाका, त्यांचं काम मला आवडलं.

ठाण्याची_ठमी (२:११)
आजी _/\_ हा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर चिकटवा.

कोकणकडा (२:४०)
दोघींना मुख्यमध्ये घालाल तर मतं फुटतील, एवढंच सांगतो. गेल्या वर्षीचं 'बाईपण भारी देवा' आठवा. सहा बहिणी, सहाही मुख्य, असा न्याय केला. रोहिणी हट्टंगडींचे चाहते एकीकडे, वंदना गुप्तेंचे दुसरीकडे, सुकन्या, सुचित्रा, शिल्पा नवलकर, दीपा परब, प्रत्येकीला थोडी थोडी मतं. शेवटी सहापैकी एकीलाही नाही. 'जुडास अँड द ब्लॅक मसाया'च्या वेळी ऑस्करच्या मतदारांनी वेगळाच घोळ घातला होता. दोन्ही नायक सहायकमध्ये, मग सिनेमात मुख्य कोण होतं ते देव जाणे.

ठाण्याची_ठमी (२:५५)
फुटली तर फुटली. जिंकण्यासाठी चुकीच्या गटात घालणं ही तीच गटचोरी झाली ना, बंड्या म्हणतो ती?

रिळवाला (३:२०)
मतं फुटण्यावर तोडगा आहे. एकच नाव मागू नका, पसंतीक्रम मागा: पहिली, दुसरी, तिसरी. सगळ्यात कमी पहिल्या पसंतीचं नाव बाद, आणि त्या मतपत्रिका त्यांच्या दुसऱ्या पसंतीला. ऑस्करवाले सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी असंच मोजतात. म्हणजे ज्याने नम्रता पहिली आणि मुक्ता दुसरी लिहिलीय, त्याचं मत वाया जात नाही.

बाल्कनी_सी१२ (३:३१)
आणि हे मोजणार कोण?

रिळवाला (३:३२)
आयोजक.

पणजीकर_पात्रांव (संध्याकाळी ५:१२)
देव बरें करूं! एक अवांतर, पण महत्त्वाचं. छाया कदम. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कानमध्ये ग्राँ प्री मिळालं, नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे लागला. मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर हुसकावतो, मग ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघते. तिचा भाग आपला नाही तर कुणाचा? सहायक अभिनेत्रीत माझं नामांकन तिलाच.

सदाशिवपेठी (५:२५)
पात्रांव, अभिनेत्री मराठी, पात्र मराठी, समुद्र मराठी, सगळं कबूल. पण सिनेमा मराठी नाही. बहुतांश मल्याळम आणि हिंदी, मराठी चवीपुरती. उद्या कुणी 'लापता लेडीज'मधली मंजूमाई आणेल. तीही छायाच.

पणजीकर_पात्रांव (५:३३)
मग 'कोर्ट' कसा चालला? त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, सगळी खिचडी.

रिळवाला (५:५०)
'कोर्ट'चं वेगळं आहे. त्यातला लोकशाहीर मराठीत गातो, सरकारी वकीलबाई घरी मराठीत बोलतात, त्या सिनेमाचा कणाच मराठी आहे. इंग्रजी तिथे न्यायालयाची म्हणून येते, आणि ती आरोपीच्या डोक्यावरून जाते हाच तर मुद्दा आहे. पार्वतीचं मराठीपण हा पायल कपाडियाच्या सिनेमाचा एक पदर आहे, पण कणा मल्याळी नर्सच्या एकटेपणाचा. मला तो यंदाच्या कुठल्याही मराठी सिनेमापेक्षा जास्त आवडला, हेही सांगून टाकतो. तरी या यादीत नको.

जास्वंद (६:०२)
यंदाच्या सगळ्या मराठी सिनेमांपेक्षा? हे जरा जास्तच झालं.

रिळवाला (६:०६)
झालं असेल. तरीही.

बाल्कनी_सी१२ (६:३०)
'अन्य भाषांतलं मराठी काम' असा एक गट करतो. छाया कदमसाठी केलाय हे उघड आहे, ओरडू नका.

तानपुरा (रात्री ८:१५)
गाण्यांचं कुणी विचारतच नाही. 'स्वरगंधर्व सुधीर फडके' १ मे ला आला, त्यात बाबूजींची मूळ गाणी आहेत. ती सर्वोत्कृष्ट गीत किंवा गायकात चालतील का? चालली तर बाकीच्यांनी घरी जावं, निकाल लागलाच.

मध्यंतरातला_वडा (८:१९)
२०२४ चे सर्वोत्कृष्ट गायक: सुधीर फडके. मान्य. दर वर्षीच मान्य.

कोकणकडा (८:४४)
गेल्या वर्षी 'महाराष्ट्र शाहीर'च्या वेळी ठरलंय हे. 'जय जय महाराष्ट्र माझा' राजा बढे आणि श्रीनिवास खळे यांचं, नुकतंच राज्यगीत झालेलं, ते कुणाशी लढवणार? 'बहरला हा मधुमास' नवं, म्हणून ते घेतलं. नियम तोच: त्या चित्रपटासाठी नव्याने केलेलं गाणं.

तानपुरा (८:५८)
ठीक. पण गायकाच्या गटाला जरा सैल नियम हवा. 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडेंना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात चिजा जुन्या असल्या तरी गळा आजचा होता. म्हणजे गीत नवं हवं, पण गायकाला फक्त गाणं नव्याने गायलेलं असलं तरी पुरे. बाबूजींच्या जुन्या ध्वनिमुद्रिका अर्थातच बाहेर.

बाल्कनी_सी१२ (९:१०)
घेतलं.

वऱ्हाडी_ठेचा (१२ जानेवारी, सकाळी ८:२०)
काल दिवसभर गावी होतो. सगळं वाचलं. राजेहो, 'घात'चं नाव कोणी घेतलं का? बर्लिनला जाऊन आलेला सिनेमा, छत्रपाल निनावेचा. जंगल, नक्षल, पोलीस आणि मधात सापडलेली माणसं. जितेंद्र जोशी, मिलिंद शिंदे. सप्टेंबरच्या शेवटी लागला. आमच्याकडे शो कोणत्या वेळेला, तर दुपारी, तेही आठवडाभर. आम्ही नऊ जण होतो हॉलमध्ये, त्यात दोघं एसीसाठी आलेले. पंखा नाही घरी, बसले.

आता तुमच्या या मोजणीत तो कधी येईन का? ज्याले जास्त लोकांनी पाहिलं त्यालेच जास्त नामांकन. मंग पुरस्कार कायले, कलेक्शनचे आकडे पाहा आन घरी बसा.

ठाण्याची_ठमी (८:४५)
ठेचा बरोबर बोलतोय. मी 'घात' पाहिलाय. ठाण्यात दोन दिवस होता.

बे_एरियातला_बंड्या (९:०५)
इथे तर 'घात' आलाच नाही. आमच्याकडे मंडळाच्या हॉलमध्ये मराठी सिनेमाचा एकच शो होतो, तोही प्रदर्शनानंतर महिन्याने, आणि समोसे संपले की अर्धे लोक उठतात. पण ठेचांचा मुद्दा गणिताने सुटतो. एकूण नामांकनं मोजू नका, पाहिलेल्यांपैकी किती जणांनी नामांकन दिलं ते मोजा. समजा एक गाजलेला सिनेमा इथल्या अडतीस जणांनी पाहिला आणि बारांनी सुचवला. दुसरा नऊ जणांनी पाहिला आणि आठांनी सुचवला. नुसतं मोजलं तर पहिला पुढे. प्रमाणात पाहिलं तर पहिल्याला साधारण तीनात एक, दुसऱ्याला नवात आठ.

सदाशिवपेठी (९:३०)
बंड्या, गणित बरोबर, माणसं चूक. दुपारच्या शोला धडपडत 'घात' बघायला जातो तो मुळातच त्याला आवडून घ्यायच्या तयारीने जातो. (एसीवाले दोघं सोडून.) 'नवरा माझा नवसाचा २'ला कुटुंबाने ओढून नेलेला माणूस तोंड वाकडं करूनच बसतो. मग तुमच्या प्रमाणात छोटा सिनेमा नेहमीच वर येणार. हा दुसऱ्या दिशेचा अन्याय नाही का?

वऱ्हाडी_ठेचा (९:४१)
काका, दुसऱ्या दिशेचा अन्याय एक वर्ष तरी होऊ द्या. आजवर एकाच दिशेचा पाहिला.

जास्वंद (९:५०)
हे मस्त होतं :ड

बे_एरियातला_बंड्या (१०:१२)
काकांचं म्हणणं खोटं नाही. मधला मार्ग: प्रमाण धरायचं, पण किमान दहा सभासदांनी पाहिलेला असला तरच. दोन मित्रांनी पाहून दोघांनी सुचवलं की शंभर टक्के, असं व्हायला नको.

सदाशिवपेठी (१०:२०)
दहावर माझी सही. आणि 'नवरा माझा नवसाचा २' निघालाच आहे तर पटकथेचं सांगा. २००४ च्या सिनेमातली माणसं, तेव्हा एसटी, आता रेल्वे. ही स्वतंत्र पटकथा की आधारित? 'फुलवंती' बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या कादंबरीवरून, ती आधारित, तिथे प्रश्न नाही.

रिळवाला (१०:३७)
आधीच्या सिनेमातली पात्रं घेतली की आधारित. ऑस्करवालेही दुसऱ्या भागांना तसंच धरतात. 'वेड' तेलुगू 'मजिली'वरून, म्हणून त्याला आपण आधारितमध्ये घातलं होतं, तेच सूत्र. 'पाणी' मात्र स्वतंत्र. नांदेडकडच्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या कामावरून आहे, पण खऱ्या माणसाचं आयुष्य म्हणजे काही पुस्तक नव्हे.

ओलीसुकी (दुपारी १:१०)
नवीन सभासद. परवा 'संगीत मानापमान' पाहिला. त्याला कुठल्या गटात नामांकन देऊ?

कोकणकडा (१:१५)
स्वागत. तो १० जानेवारी २०२५ चा, पुढच्या वर्षी. यंदाचा मानापमान इथेच चालू आहे.

बाल्कनी_सी१२ (रात्री १०:०५)
ऐका. 'पाणी' यंदाचाच. नम्रता संभेराव मुख्यमध्ये. माझं मत बदललं, आणि खरं कारण ठमीचं 'मदतनीस' वाक्य. आमच्या सोसायटीचं रजिस्टर मीच लिहितो. सगळ्या गटांत पसंतीक्रम, मोजणी रिळवाला करतील (हो, तुम्हीच). चित्रपटाच्या नामांकनाला प्रमाणाचा नियम, किमान दहा प्रेक्षक. गीत नवं, गायन नवं. 'नाच गं घुमा'तली मायरा वायकुळ बालकलाकारात. तिला सहायकमध्ये घालून मोठ्यांशी भिडवायचा विचार होता, पण टॅटम ओनीलचा दाखला वाचून मोठ्यांचीच काळजी वाटली.

नामांकनं २६ जानेवारीपर्यंत. 'घात' पाहिलेल्यांनी इथे हात वर करा, आत्तापर्यंत ठेचा आणि ठमी धरून सात झालेत, काहींनी व्यक्तिगत निरोपातून कळवलं.

आजी_ऑनलाइन (१०:३०)
मी पाहिलाय. नातवाबरोबर. अर्ध्यात डोळा लागला होता, पण शेवट पाहिला. धराल का?

वऱ्हाडी_ठेचा (१०:३२)
धरा धरा! आजी, तुमचे पाय कुठं आहेत? आठ.

सदाशिवपेठी (१०:५१)
मीही पाहिलाय. आवडला नाही. पण पाहिलाय.

वऱ्हाडी_ठेचा (१०:५३)
काका, नावडला तरी नऊ. आता एकच पाहिजे. सी१२ भाऊ, तुम्ही पाहिला ना?

बाल्कनी_सी१२ (११:२०)
नाही.

वऱ्हाडी_ठेचा (११:२१)
मंग आयोजक कायचे बाप्पा?

बाल्कनी_सी१२ (११:२४)
कुठे बघायला मिळेल ते सांगा. २६ ला अजून चौदा दिवस आहेत.